टेपचं दुसरं टोक

थोरलीनं टेपचं टोक भिंतीलगत विटेखाली दाबलं आणि गुडघ्यांवर सरकत ती पांढऱ्या पट्ट्याकडे निघाली. पट्टा हातभर अंतरावर आला आणि मागे वीट कलंडली. टेप सळसळत येऊन तिच्या मुठीतल्या डबीत शिरली.

"मेली!" ती टेपला म्हणाली.

पलीकडच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशिनपाशी, धाकटी जाऊ चादरी झटकत होती. तिनं वर पाहिलं नाही. ऐकून न ऐकल्यासारखं करणं हे तिचं या घरातलं जुनं काम होतं.

गॅरेज दोघा भावांचं. वरच्या मजल्यावर थोरला, खाली धाकटा आणि गॅरेजच्या मधोमध सासऱ्यांनी वाटण्या करताना मारलेला पट्टा. थोरल्यानं गाडी विकली तशी त्यांची बाजू रिकामी झाली आणि रिकाम्या जागेचं जे होतं तेच झालं. आधी दिरांचे जुने टायर आले, मग मोडका पंखा, मग व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त धूळ बसली होती. गेल्या आठवड्यात थोरलीनं ते सगळं एकटीनं ढकलून पट्ट्यापलीकडे नेलं. तिला तिथे आगगाडी करायची होती. छोटी, विजेवर चालणारी. बोगद्यातून निघून, डोंगराला वळसा घालून पुन्हा स्टेशनात येणारी.

नोकरीत तिनं दातांच्या कवळ्या घडवल्या होत्या. मेण, साचे, प्लास्टर. तिचं काम इतकं चांगलं होतं, की ते काम आहे हे कुणाच्या लक्षातच येत नसे. आता तिला असं काही घडवायचं होतं, जे लोकांनी दारातून आत येताच पाहावं.

तिनं खऱ्या मापाचा आराखडा खाकी कागदावर आखून, कापून आणला होता. आत अडगळ होती तेव्हा तिनं गॅरेज बाहेरून मोजलं होतं. भिंतींची जाडी वजा करून बरोबर अर्धं केलं होतं. कागद भिंतीपासून पसरला की त्याची कड पट्ट्याला टेकायला हवी होती. ती चांगली चार बोटं पलीकडे जात होती.

आधी तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिनं डोळे पुसले, चष्मा पुसला, कागद पुन्हा ताणला. मग ती वाकून पट्ट्याकडे पाहत राहिली. शेजारी, नव्या रंगाखाली, एक जुनी कड पुसट फुगलेली होती. तिनं नख फिरवलं. नखाला ती लागली.

तेवढ्यात दीर किल्ल्या खुळखुळवत आत आले. आले ते थेट कागदावरून. बुटाचा ठसा बरोबर स्टेशनवर उमटला.

"भावजी, पाय."

"अरे हो! अपघात झाला का वहिनी? किती डबे घसरले?"

"हा पट्टा कधी रंगवला?"

"तुम्ही लेकीकडे गेला होतात ना, तेव्हा सगळी जमीनच रंगवून घेतली. छान झालीय की."

"सरकलाय तो."

दीर हसले. "पट्टा कसा सरकेल? पाय आहेत त्याला?"

"जुना इथे आहे. हात लावून बघा. चार बोटं आमच्या बाजूला आलाय तुमचा पट्टा."

"रंगाऱ्याचा हात वाकडा गेला असेल." त्यांनी वाकून पाहिलं नाही. "नवी गाडी जरा रुंद आहे, दार नीट उघडत नव्हतं, तेव्हा बोललो असेन त्याला काहीतरी. चार बोटांसाठी काय भांडताय वहिनी?"

"चार बोटं?" थोरली उठून उभी राहिली. गुडघ्यांवर खडूचे दोन पांढरे गोल. "माझ्या हातून कवळी चार बोटं सरकली असती ना, तर माणूस कानानं जेवला असता!"

आवाज ऐकून थोरला जिन्यात आला. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र.

"जाऊ दे गं. वळण जरा लहान कर."

"लहान केलं तर डबे रुळांवरून उतरतात."

"मग गाडी लहान घे."

"अहो, पण पट्टा—"

"दिसला होता मला," थोरला म्हणाला. "आलो त्याच दिवशी. उगाच घरात कटकट कशाला, म्हणून बोललो नाही."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. दिरांवरचा राग सोपा होता. तो जिभेवर तयार होता. हा दुसरा कुठे ठेवावा हे तिला कळेना. तिनं खाली वाकून स्टेशनवरची माती हातानं झटकली, पुन्हा झटकली, माती गेली तरी झटकत राहिली.

"सगळं गॅरेज मोजते," ती शेवटी म्हणाली. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुमच्यासमोर."

"मोजा की," दीर म्हणाले. "अडवलंय कुणी?"

तिनं वीट उचलली, वळसा घालून दिरांच्या बाजूच्या भिंतीपाशी गेली, टेपचं टोक दाबलं आणि निघाली. गाडीच्या चाकाशी टेप अडली, वाकली, वीट पुन्हा कलंडली. सळसळत टेप मुठीत.

"एकटीचं काम नाही ते वहिनी," दीर म्हणाले. थोरल्यानं वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

वॉशिंग मशिनचं झाकण बंद झालं.

धाकटीनं चादर खांद्यावरून उतरवली आणि मशिनवर ठेवली. मग ती आली, वीट उचलून बाजूला ठेवली, साडी गुडघ्यांत दाबून भिंतीपाशी उकिडवी बसली आणि हात पुढे केला. थोरलीनं टेपचं टोक तिच्या हातात दिलं. धाकटीनं ते भिंतीला लावून अंगठ्यानं घट्ट धरलं. नख पांढरं पडेपर्यंत.

"धरलंय ताई. ओढा."

"अगं, तू काय मध्येच?" दीर म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. ती टेपकडेच पाहत होती, ती सरळ जातेय की नाही ते.

"तुमची गाडी बाहेर काढा आधी," ती म्हणाली. "मध्ये येतेय."

दिरांनी खिसे चाचपले. किल्ल्या त्यांच्या हातातच होत्या.