टेकबहादूरला हाक घालणारा भोंगा

मित्रांनो, आधी कानांत बोटं घाला आणि मगच पुढे वाचा. मी एक जुना भोंगा आहे. हळू बोलणं मला जमत नाही. आनंद झाला की मी ओरडतो, राग आला की ओरडतो, आणि आज सांगणार आहे ती गोष्ट तर अशी आहे, की नुसती आठवली तरी माझा पत्रा थरथरतो.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. पत्रा कापला, वळवला, ठोकला, वर राखाडी रंग चढवला, की झालो मी तयार. ज्याची ओळख पुढे होईलच, त्या सदूच्या वडिलांचा मंडपाचा धंदा होता. त्यांनी मला हौसेने विकत आणलं. काय दिवस होते ते! लग्नांत मी वाजलो, शिमग्यात वाजलो, क्रिकेटच्या सामन्यात तर षटकार बसायच्या आधीच मी ओरडून मोकळा व्हायचो. मग मोठमोठे काळे बॉक्स आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सात वर्षं तिथे पडून होतो. एका पालीने माझ्या तोंडात संसार थाटला आणि तिला घालवायलाही मला आवाज उरला नव्हता.

एके दिवशी सदू शिडी लावून वर आला. मला खाली काढलं, पालीला वाट दाखवली, चिंचेने घासून पुसलं आणि एका जीपच्या टपावर बांधलं. सदू आता बागकामगार मदत केंद्राची जीप चालवत होता. केंद्र म्हणजे तरी काय? रत्नागिरीत एक खोली, ही जीप आणि समीक्षा नावाची एक चटपटीत मुलगी.

तुम्ही आंबे खाता ना? मग हे ऐका. आमच्याकडच्या आंब्याच्या बागा राखायला दर वर्षी दिवाळीनंतर नेपाळहून माणसं येतात. मोहोराआधी येतात, शेवटचा आंबा उतरला की परत जातात. त्यांना भरवशाचा बागायतदार आणि बागायतदाराला भरवशाचा राखणदार गाठून द्यायचा, राहायच्या खोपीवर छप्पर आहे का, प्यायला पाणी आहे का, मुलं शाळेत जातात का ते पाहायचं, फवारणीच्या वेळी काय सांभाळायचं ते दोघांनाही समजवायचं, हे समीक्षाचं काम. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, फोनला रेंज नाही. म्हणून मी! समीक्षा माइकमध्ये बोले आणि मी ते चार बागांपलीकडे पोचवी. लोक म्हणत, "भोंगा सांगतोय म्हणजे खरंच असणार." हे ऐकून मी असा फुगलो होतो की विचारू नका.

आणि तिथेच माशी शिंकली.

नाटे गावाजवळच्या सड्यावर चिंतामणीकाकांची बाग आहे. अकरा वर्षं त्यांच्याकडे टेकबहादूर आणि त्याची बायको मनमाया राखणीला येत होती. काकांचे गुडघे गेलेले, कलमं सगळी टेकच्या जिवावर. टेक येताना न चुकता तिमूरची एक पुरचुंडी आणी. तिमूर म्हणजे आमच्या तिरफळाचाच नेपाळी भाऊ. तो घातल्याशिवाय काकांना आमटी आवडेनाशी झाली होती.

त्या वर्षी गावी निघताना टेक म्हणाला, "मंसिरच्या पाच गतेला येतो, काका." गते म्हणजे तारीख.

समीक्षाने लगेच वही काढली. "मंसिर म्हणजे आपला मार्गशीर्षच की हो, काका. पाच म्हणजे पंचमी."

काकांना पंचांग उघडायला कारणच लागत असे. त्यांनी चष्मा लावून पान काढलं आणि ठासून सांगितलं, "मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. डिसेंबरचा मध्य. अगो, तोवर मी पुण्याला भार्गवीकडे जाऊन गुडघे दाखवून येतो. आलो की खोपी शाकारून घेईन."

भार्गवी म्हणजे त्यांची लेक. दिवाळीच्या तोंडावर मीही सगळ्या सड्यांवर ओरडत फिरलो, "राखणदार मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला येत आहेत!" काका निश्चिंत मनाने पुण्याला गेले. जीप घेऊन आम्ही केळशी-बुरोंडीच्या फेरीला गेलो.

काका डिसेंबरच्या दोन तारखेला परतले, आम्हीही नुकतेच फेरीहून आलो होतो. त्याच दिवशी दुपारी ते धापा टाकत आमच्या खोलीत आले. त्यांच्या हातात एक पुरचुंडी होती. तिमूरची.

"खोपीच्या कडीला बांधलेली होती," काका म्हणाले. "तो येऊन गेला गो. वर छप्पर नाही, घराला कुलूप. काय वाटलं असेल त्याला?"

समीक्षाचा चेहरा उतरला. ती तशीच बाजारात धावली आणि चायनीजच्या गाडीवरच्या नेपाळी आचाऱ्याला तिने तारीख विचारली. तो म्हणाला, "आज मंसिरची सोळा." पंचांगात तर अजून कार्तिकच चालला होता! मित्रांनो, नेपाळी महिने सूर्याच्या चालीने जातात आणि आमचे चंद्राच्या. त्यात त्या वर्षी आमच्याकडे श्रावण दोनदा आला होता, म्हणून मार्गशीर्ष आणखी मागे सरकला. टेक अगदी ठरल्या दिवशी आला होता. चुकलो होतो आम्ही.

आचारी टेकला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. तो पुढे म्हणाला, "टेकदाजूचं जुनं सिम बंद पडलं, काकांचा नंबर त्यातच गेला. तुमच्या खोलीला पण कुलूप होतं. नाटेच्या बाजूला कुठे तरी गवताची बेणणी करतोय. पण उद्या सकाळच्या गाडीने परत चालला."

उद्या सकाळी! चूक समीक्षाने केली, काकांनी पक्की केली; पण गावभर ओरडलो तो मीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सदूने जीप अशी हाणली, की माझे नटबोल्ट खिळखिळे झाले. काका पुढे बसले होते, पुरचुंडी मांडीवर घट्ट धरून.

पहिला सडा झाला, दुसरा झाला. समीक्षा माइकवर सांगत होती, "टेकबहादूर आणि मनमाया यांनी ताबडतोब केंद्राच्या जीपजवळ हजर व्हावे." कोणी येईना. तिसऱ्या सड्यावर उन्हं कलली. तिथे गवत नुकतंच काढलेलं दिसत होतं, दोन कोयते तसेच टाकलेले, पण माणूस नाही. घरातून बागेची मालकीण आनंदीबाई पदर खोचत बाहेर आली.

"आत्तापर्यंत होती की दोघं इथे," ती म्हणाली. "तुमची आरोळी ऐकली नि पळाली. अशी पोलिसासारखी हाक घातलीत तर येईल कोण?"

समीक्षाने माइक खाली घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा काकांनी हात पुढे केला.

"दे इकडे."

काकांनी माइक तोंडाशी धरला. त्यांनी छाती भरून घेतली आणि माझ्यातून एक लांबच लांब कुकारा घातला. "कूऽऽऽऊ!" अकरा वर्षं रोज दुपारी चहाला बोलावताना घालायचे, तोच. मित्रांनो, माझ्यातून तोवर हजार घोषणा गेल्या होत्या, पण अशी हाक गेली नव्हती. सड्यावरून ती खाली खाडीपर्यंत गेली. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. मला तर कानच नाहीत, तरी मी ऐकत होतो.

आणि काजूच्या झाडीमागून उत्तर आलं. "कूऽऽऊ!"

मी आनंदाने शिट्टीच मारली. तारेत बिघाड झाला असं सदू म्हणतो, म्हणू दे! झाडीतून टेक बाहेर आला, मागे मनमाया. काही पावलांवर तो थांबला.

"काका, तुम्ही दुसरा माणूस ठेवला असं वाटलं," तो म्हणाला. "खोपी मोडली होती."

"दुसरा कोण ठेवणार? मीच चुकलो रे, टेक. पंचांगाच्या नादाला लागलो," काका म्हणाले. "छप्पर उद्या घालतो. तोवर माझ्या घरात राहा. येशील ना?"

टेकने मनमायाकडे पाहिलं. ती पुढे आली आणि तिने एवढंच विचारलं, "काका, तिमूर मिळाला?"

काकांनी मूठ उघडून पुरचुंडी दाखवली. गाठ अजून सोडलेली नव्हती. मनमायाने ती त्यांच्या हातातून घेतली, "आज आमटीत घालते," म्हणत कमरेला खोचली आणि आपलं गाठोडं आणायला गेली.

आता केंद्राच्या भिंतीवर आमच्या दिनदर्शिकेशेजारी नेपाळी दिनदर्शिका लटकते. समीक्षा प्रत्येक तारीख दोन्हींत पाहते आणि मगच मला सांगते. मला गंज चढू लागला आहे. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, तोंडात पाली राहू देऊ नका, एवढंच माझं मागणं. आणि लांबून कोणी तुमच्याकडे कामाला येणार असेल, तर त्याचा दिवस त्याच्या दिनदर्शिकेत बघा आणि तो यायच्या आधी छप्पर घाला.

उद्या मंसिरची पाच आहे. सदूने मला पुसून ठेवलंय आणि काका सकाळपासून कुकाऱ्यासाठी घसा खाकरून पाहताहेत.