चढावर थांबलेले इंजिन

मी एक जुने विजेचे इंजिन आहे, आणि मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. डोक्यावरच्या तारेतून वीज घ्यायची, पोटातल्या मोटारींना द्यायची आणि गाडी ओढायची, एवढेच माझे काम. पण ती वीज येते कुठून, पुलावरची मुले मला हात का करतात, हे प्रश्न मला धावतानाही सोडत नसत.

तरुणपणी मी भरलेली लांबलचक गाडी घेऊन डोंगराचा चढ हसत चढत असे. "या इंजिनावर घड्याळ लावावं," असे स्टेशनमास्तर म्हणत आणि मी फुशारून जाई. पुढे माझ्याबरोबरची इंजिने एकेक करून दिसेनाशी झाली. धडधाकट दिसणाऱ्यांनाही का नेतात, याचे मला मोठे कुतूहल वाटे.

माझे ड्रायव्हरकाका माझ्यावर जीव टाकत. कामावर आले की दारावर थाप मारून म्हणत, "काय म्हातारबा, निघायचं ना?" शेडमधल्या फिटरताई माझ्या मोटारी तपासत. एकदा तपासणी करून त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"काका, याला आता निवृत्त करायला हवं."

"का? रंग बघा, चाकं बघा. काय झालंय त्याला?"

"बाहेरून काही नाही हो. मोटारीतल्या तारांवरचं वेष्टण वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालंय. जड गाडी ओढताना कधीही जळेल. आणि हे भाग आता कुणी बनवत नाही. नवी इंजिनं ब्रेक लावताना वीज परत तारेत पाठवतात, याला तेही जमत नाही."

मी कान टवकारून ऐकत होते. माझ्या कोड्याचे उत्तर माझ्याच पोटात निघाले.

काका काकुळतीला आले. "शेडच्या साहेबांना इतक्यात सांगू नका. मी याला हलक्या गाड्याच मागून घेतो." ताईंचाही माझ्यावर लोभ होता. त्यांनी साहेबांना काही कळवले नाही.

मग मी चार-पाच डब्यांच्या गाड्या ओढू लागले. बिघडायचे कारणच नव्हते, त्यामुळे साहेब खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची. एके दिवशी मोठ्या गाडीचे नवे इंजिन बंद पडले. साहेब म्हणाले, "ते म्हातारं कधी दगा देत नाही. त्यालाच जोडा." काकांनी खरे न सांगताच मला त्या गाडीला जोडले.

अर्ध्या चढावर माझ्या पोटात धूर झाला आणि गाडी थांबली. ब्रेकने धरून ठेवले म्हणून बरे. गार्ड धावत आला. "काका, तिसऱ्या डब्यात एक आजी आहेत, दवाखान्यात निघाल्यात. त्यांना धाप लागलीय." काका आजींच्या डब्यात गेले आणि दुसरे इंजिन येईपर्यंत त्यांना वारा घालत बसले. आजी दवाखान्यात पोहोचल्या, बऱ्याही झाल्या. पण त्या वाट बघण्यात मला जे वाईट वाटले, ते कधी वाटले नव्हते.

शेडमध्ये परतल्यावर काका सरळ साहेबांसमोर उभे राहिले. "दगा इंजिनानं नाही दिला साहेब, मी दिला. त्याचं दुखणं मला ठाऊक होतं. आता त्याला थांबवा."

आता मी शेवटच्या रुळावर उभे आहे. माझे चांगले भाग काढून माझ्यासारख्या दुसऱ्या इंजिनांना देतात. काका नवे इंजिन चालवतात. परवा कुणीतरी त्याची वाहवा करू लागले, तर काका म्हणाले, "कौतुक नंतर. आधी ताईंना आतलं बघू द्या."

मित्रांनो, आपल्या वस्तूंना पुसा, चमकवा, त्यांचे लाडही करा. पण त्यांना आत काय होते आहे, हेही विचारा. आणि उत्तर आवडले नाही, तरी ते लपवू नका. माझ्या काकांचे माझ्यावर खूप प्रेम होते. ते त्यांनी सगळ्यात जास्त दाखवले, ते मला थांबवले त्या दिवशी.