काटेरी वनांचा उपयोग

"ब्राझीलचं झालं. आता भारताचं म्हण," मी म्हणालो.

भूगोलाचं पुस्तक माझ्या हातात होतं आणि साक्षी चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता पाठ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी अंबडला तिचा दहावीचा पेपर होता. भारत आणि ब्राझील, दोन्ही देशांतल्या वनांचे प्रकार आणि उपयोग तक्ता करून लिहा, हा प्रश्न येणारच, असं सरांनी सांगितलं होतं. ब्राझीलचं तिनं न अडखळता म्हटलं. सदाहरित वनं. रबर, मॅहोगनी, रोजवूड. त्या वनांना जगाची फुप्फुसे म्हणतात.

बेबीनंदाची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेली, असं डॉक्टर म्हणाला होता. जगाला एवढी मोठी फुप्फुसं आहेत. माझ्या बायकोला दोनच होती.

"पानझडी वनं. साग फर्निचरला, बांबू टोपल्यांना," साक्षी म्हणत गेली. "काटेरी वनं. खैर, बाभूळ." आणि थांबली.

"उपयोग?"

"काहीच न्हाई."

"पुस्तकात हाये ना. एकच शब्द हाये."

"माहीत हाये मला."

"मंग म्हण की."

तिनं भाकरी उलटली. "इंधन. म्हणलं. झालं समाधान? आन् इंधन कशाला लागतं? माह्या आईला जाळायला. हेबी लिहू का, पप्पा?"

मी पुस्तक मिटलं.

गेल्या श्रावणात बेबीनंदा गेली तेव्हा झड लागली होती. आमच्या वस्तीच्या स्मशानात पत्र्याची शेड नाही. गावात मिळाली ती लाकडं भिजलेली. माझा मेव्हणा संघपाल हळूच म्हणाला, "दाजी, अक्कानं ताडपत्रीखाली झाकलेलं सरपण कोरडं हाये. तेच न्यावं लागन." उन्हाळाभर नाल्याकाठची वेडी बाभूळ तोडून तिनं पावसाळ्यासाठी रचून ठेवली होती. साक्षी तिच्यासोबत जायची. ट्रॅक्टरमध्ये सरपण चढलं, तेव्हा ती दारात उभी होती. कोणती मोळी आईनं बांधलेली, कोणती आपण, हे तिला ओळखू येत होतं.

"तुही आई म्हणायची, पोरगी दहावी झाली की तिच्या हातात कोयता देणार न्हाई," मी म्हणालो. "एका शब्दापायी मार्क घालवू नको."

तिनं तवा उतरवला. मला भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटला तेव्हा मी शाळेच्या फाटकापाशी होतो. तिची मैत्रीण मोनाली पळतच आली. "काका, वनंच आल्ती!"

साक्षी मागून सावकाश आली.

"लिव्हलं?" मी विचारलं.

"ब्राझीलचं सगळं लिव्हलं. भारताचंबी लिव्हलं."

"काटेरीचं?"

"नाव लिव्हलं. उपयोगाचा रकाना मोकळा सोडला."

मोनाली हसली. "येडी हायेस का गं? सगळ्यात सोपं तेच होतं!"

साक्षीनं पॅड माझ्याकडं दिलं आणि शाळेच्या नळावर गेली. सरपण तोडून आल्यावर आईसोबत धुवायची तसे कोपरापर्यंत हात धूत राहिली. मागं पाणी प्यायला पोरं खोळंबली होती. मी तिला जल्दी कर म्हणालो नाही.