न थांबणारे आकडे

भंडाऱ्यातल्या क्लासमध्ये पायथन ही संगणकाची भाषा शिकवणाऱ्या रुचिताला नवख्यांच्या त्याच त्याच प्रश्नांचा वीट आला होता. मोना या विद्यार्थिनीचा मेसेज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला, "मॅडम, प्रोग्राम थांबतच नाही. काय करू?" चार मिनिटांत तिनं उत्तर ठोकून दिलं, "आधी नोट्स वाच, मग विचार."

दहाला मोबाइल पाहिला, तर खाली नवी ओळ होती. "राहू द्या. माझ्यानं होत नाही आता."

फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंदच. रुचितानं स्कूटी काढली आणि नदीवरचा पूल ओलांडून मोनाचं गाव, कारधा गाठलं.

मोनाची आई, पुष्पाबाई, अंगणात तांदूळ निवडत होती.

"काकू, मोना?"

"आत्ताच त गेली जी. पोटाशी काहीतरी धरून नदीकडे पळाली. काहून पळतं म्हनलं, त बोललीच नाही."

रुचिता उतारावरून धावत सुटली. एक चप्पल मागेच राहिली. काठावर कुणी नव्हतं. पाण्याकडे बघायची हिंमत होईना. आपण सकाळी लिहिलेलं वाक्य तिला अक्षरन् अक्षर आठवत होतं.

"मॅडम, तिकडे नोका जाऊ!"

मोना बाभळीआड उकिडवी बसली होती. वीस पावलांवर, वाळूत, क्लासनं सरावासाठी दिलेला लॅपटॉप उघडा पडला होता. पंखा घरघरत होता, पडद्यावर आकडे धावत होते.

"लय तापला जी तो. दुपट्ट्यात धरून आणला. घरात धानाचं तणस हाये, हा फुटून पेटलं असतं त? त्याले नेट मोबाइलवरून होतं, तोडलं त थांबंल म्हणून तोबी बंद केला."

रुचिता लॅपटॉपजवळ बसली. कंट्रोल आणि सी, दोन बटणं एकदम दाबली. आकडे थांबले.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग सकाळी सांगाले काय झालं होतं?"

रुचितानं अनवाणी पायाची वाळू झटकली. "मला वाटलं, तू..." एवढं बोलून ती नदीकडे बघत राहिली.

मोनाला कळायला थोडा वेळ लागला. "कायचं बाई! मी कायले जीव देतो?" म्हणत ती जवळ येऊन बसली. पण लॅपटॉपपासून हातभर अंतर ठेवूनच. "चालू करा पुन्हा. आता मी थांबवतो."

आकडे पुन्हा धावू लागले. मोनानं डोळे गच्च मिटून दोन्ही बटणं दाबली.

"थांबलं का जी?"