आतलं सगळं

“आतलं सगळं काढून घेतलंय ना, वहिनी?”

“काढलं की, भावजी. तुम्ही करा खुशाल.”

फोन थोरल्या भावाचा. त्याचा बूटलोडर, म्हणजे कंपनीने आतून घातलेलं कुलूप, धाकट्यानेच पूर्वी उघडलं होतं. धाकट्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. भावाच्या फोनवर प्रयोग करणं त्याला जन्मसिद्ध हक्क वाटे. आता भाऊ गेला, फोन वहिनींकडे आला आणि बँकेचं अ‍ॅप रुसून बसलं. कुलूप उघडं असलेल्या फोनवर ते चालेना.

म्हणून कुलूप पुन्हा लावायचं होतं. त्याआधी फोनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल? जगातली बाकीची कुलपं आतलं जपतात, हे मेलं लावतानाच घर रिकामं करून घेतं. त्याने बटण दाबलं.

फोन कोरा करकरीत झाला. बँकेचं अ‍ॅप नव्याने टाकल्यावर उघडलं. वहिनी खूश झाल्या, मग बोटाने पडदा वरखाली करत राहिल्या.

“ह्यांचे आवाज कुठे गेले?”

घशाच्या ऑपरेशनने वाचा जाणार हे कळल्यावर थोरल्याने रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. ‘अगं, चष्मा कुठे ठेवलास?’ ‘अगं, पंखा कमी कर.’ पुढे बोलायचं असलं की तो बटण दाबायचा, आणि चिडला की एकच वाक्य पुन्हापुन्हा वाजवायचा. तो गेल्यावर वहिनी तीच वाक्यं फोन कानाशी धरून ऐकायच्या.

“तुम्ही काढलंत ना सगळं?” त्याने विचारलं.

“हे काय!” वहिनींनी पर्समधून सिम आणि मेमरी कार्ड काढून टेबलावर ठेवलं. “आतलं एवढंच तर निघतं.”

कार्डात फोटो होते. आवाज फोनमध्ये होते. गिऱ्हाइकांना तो चारचारदा बजावून विचारायचा. घरच्या माणसाला एकदा विचारून मोकळा झाला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं त्याला.

“परत नाही येणार, वहिनी. चुकलं माझं.”

वहिनींनी मेमरी कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं.

“माझा आवाज दादासारखाच आहे,” तो चाचरत म्हणाला. “मी बोलून देऊ का?”

वहिनी कसनुशा हसल्या. “आवाज आहे हो. पण मला ‘अगं’ म्हणाल का तुम्ही?”

त्याने टेबलावरचं सिम उचलून फोनमध्ये बसवून दिलं.

“जाऊ द्या. बँकेचं तरी झालं,” म्हणत त्या उठल्या. पायऱ्या उतरताना सवयीने त्यांनी फोन कानाशी नेला आणि तसाच खाली घेतला.