निळ्या पट्टीखालची बांगडी

रुईयिनच्या डाव्या हातातली बांगडी निघत नव्हती, आणि ती निघाल्याशिवाय तिला काम मिळणार नव्हतं. शुक्रवार दुपारपासून तिच्यापुढे हा एकच प्रश्न होता.

बांगडी जेडची, म्हणजे हिरव्या दगडाची. अखंड, कुठे जोड नाही. रुईयिन पंधरा वर्षांची असताना आईने साबण फासून ती हातात चढवली होती. त्यानंतर हात वाढला, बांगडी काही वाढली नाही. तैवानात तिच्या गावाकडे अशी बांगडी काढायची म्हणून कुणी घालतच नाही. माणसावर येणारं संकट हा दगड आपल्या अंगावर घेतो, अशी तिकडे समजूत. रुईयिन बांगडीसकट झोपायची, बांगडीसकट आंघोळ करायची, स्कूटर चालवायची. हातात काही आहे हेच ती विसरून गेली होती. आठवण करून दिली ती डॅरिलने.

डॅरिल हा टे पुके गावातल्या एका पॅकहाउसचा, म्हणजे किवीची फळं निवडून खोक्यांत भरायच्या कारखान्याचा, मॅनेजर. शुक्रवारी त्याने चाळीस नव्या पोरापोरींना ओळीत उभं केलं आणि नियम वाचले. केसांना जाळी. नखं कापलेली. घड्याळ, कानातलं, गळ्यातलं काही नको. लग्नाची साधी अंगठी तेवढी चालेल. “तिकडे जपानात कुणाला आपल्या खोक्यात कानातला डूल सापडला, तर आपलं सगळ्यांचं कल्याण होईल,” असं म्हणून तो स्वतःच हसला. मग ओळीतून फिरताना रुईयिनपाशी थांबला.

“हे काढ.”

“निघत नाही.”

“सगळ्यांचं निघतं. सोमवारी साडेसातला ये. हात मोकळा असेल तर काम आहे. नसेल तर माझा नाइलाज आहे, यादीत अजून साठ जण आहेत.”

माणूस वाईट नव्हता. नियमाची माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात, त्यांना फक्त घाई असते.

आता, काम करता करता देश बघा, असं सांगून जो वर्षभराचा व्हिसा देतात, तो घेऊन ही पोर न्यूझीलंडला आली होती. बघणं झालं, कामाचं घोडं मात्र अडलं होतं. ऑकलंडच्या एका कॅफेने ‘बघू तरी तुला जमतं का’ म्हणत तीन तास फुकट भांडी घासून घेतली आणि ‘कळवतो’ म्हणून तोंडाला पानं पुसली. ब्लूबेरीच्या मळ्यात ती पोचली तेव्हा उरलीसुरली फळं पाखरं खात होती. द्राक्षाच्या मळेवाल्याने तिचे हात बघितले आणि नुसता हसला. गावी ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. त्या हातांत हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. हॉस्टेलच्या फ्रिजमध्ये तिच्या नावाच्या कप्प्यात अर्धा कोबी आणि चार अंडी उरली होती. हे काम मिळालं तर राहायचं, नाहीतर गुरुवारच्या विमानाने परत, असं तिने ठरवून टाकलं होतं. आणि आईला मात्र आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, की फळांच्या कंपनीत ऑफिसात नोकरी लागली.

शनिवारी तिच्या खोलीतली रोसिओ कंबर कसून कामाला लागली. रोसिओ चिलीची, आवाज चार खोल्यांना पुरेल एवढा, आणि त्याच पॅकहाउसात भरती झालेली. आधी भांड्यांचा साबण झाला. मग तेल. मग प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून त्यावरून तेल. मग सूज उतरावी म्हणून बर्फातल्या मटारांचं पाकीट.

“ओढू?”

“ओढ.”

“अगं, हात आहे की फावडं? अंगठा आत घे!”

“घेतलाय! तूच म्हशीसारखी ओढतेस.”

“म्हैस म्हण नाहीतर काहीही म्हण, पण हलू नकोस.”

हात लालबुंद होऊन पावासारखा फुगला. बांगडी जिथल्या तिथे. शेवटी रोसिओने हात टेकले.

“खाली गॅरेजमध्ये हातोडी आहे,” ती हळूच म्हणाली. “एक टोला. आईला सांग, घसरून पडले.”

रुईयिन त्यावर तासभर तिच्याशी बोलली नाही. बाबा गेले त्या वर्षी आईने ही बांगडी आणली होती. दुकानात अर्धा दिवस बसून, एकेक उजेडात धरून, तडा नाही ना हे बघून. ती फोडायची म्हणजे आईच्या जिवावर घाव घालायचा, असं तिला वाटत होतं. आणि नाही फोडली तर हरून परत जायचं. दोन्हीकडून तिचा जीव टांगणीला लागला होता.

रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. आई एका टॉवेलच्या गिरणीत कामाला होती, गेली पस्तीस वर्षं.

“जेवलीस?”

“जेवले.”

“काय जेवलीस?”

रुईयिनला कोबी म्हणवेना. “मासे,” ती म्हणाली.

“हात दाखव.”

“कुठला?”

“जो लपवतेयस तो.”

आईपुढे कुणाचं काय चालतं! सुजलेला हात वर आला आणि मागोमाग सगळं बाहेर आलं. कॅफे, मळे, नियम, सोमवार.  सगळं ऐकून झाल्यावर आईने एवढंच विचारलं, “म्हणजे ऑफिस नाही ते.”

“नाही.”

“किती तास उभं राहायचं?”

“नऊ.”

“तोड,” आई म्हणाली.

“आई!”

“लाल कापडात गुंडाळ आणि एकदाच जोरात मार. भीत भीत मारलंस तर हाताला लागेल. आणि तुकडे टाकू नकोस.”

“तुला काय माहीत गं कसं तोडतात?”

आईने बाही वर सारली. आई बारा महिने पूर्ण बाह्या घालायची, आणि तिच्या मनगटावर काहीच नाही याकडे रुईयिनने जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं.

“एकोणीस वर्षांची होते. गिरणीतला पहिला दिवस. मागात हात अडकेल म्हणून बांगडी चालत नव्हती. गेटबाहेरच्या पायरीवर बसले आणि फोडली. तुझ्या आजीने दिलेली. मग आत गेले आणि कामाला उभी राहिले.”

“कधी बोलली नाहीस.”

“त्यात काय बोलायचं? तुझ्या हातात घातली ती याचसाठी. जिथे बांगडी उतरवावी लागते, असलं काम तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून. आणि बाईसाहेब, तू समुद्र ओलांडून नेमकं तेच शोधून काढलंस!” आई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “राहायचंय ना तुला तिथे? खरं सांग.”

“राहायचंय.”

“मग तोड. माझं वाईट वाटून घेऊ नकोस.”

फोन ठेवल्यावर रुईयिन पोटभर रडली. बांगडी आपण आईसाठी जपतोय असं ती दोन दिवस समजत होती, आणि आईने ती एका शब्दात सोडून दिली होती. त्यामुळे आता तर ती तिला जास्तच जड झाली.

सोमवारी सव्वासातला ती पॅकहाउसच्या बाहेर, पायरीवर जाऊन बसली. रोसिओचा लाल रुमाल मनगटाभोवती गुंडाळलेला, मनगट सिमेंटच्या कठड्यावर. रोसिओने हातोडी दिली आणि तोंड फिरवून उभी राहिली. रुईयिनने श्वास घेतला, हातोडी उचलली.

“ए! ठेव ती खाली!”

आवाज हिनेवाईचा होता. हिनेवाई माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळच्या लोकांतली बाई, साठीची, अंगाने भक्कम, आणि पॅकहाउसच्या लाइनवर, म्हणजे फळं भरणाऱ्यांच्या रांगेवर, बावीस हंगाम मुकादम. ती समोरून आली की ट्रॅक्टरसुद्धा बाजूला होतो. सगळं गाव तिला आंटी म्हणतं.

“हात फोडायचा विचार आहे की काय, पोरी?”

रुईयिनने तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं. बांगडी. नियम. आई. हिनेवाई पायरीवर तिच्याशेजारी टेकली. तिने रुमाल सोडला आणि बांगडीवरून बोट फिरवलं, आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं. मग स्वतःच्या गळ्यातली दोरी ओढून बाहेर काढली. दोरीला तसाच एक हिरवा दगड होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

“आम्ही याला पोउनामू म्हणतो. माझ्या आजीच्या आजीचा हा. आमच्यात हा आपला आपण घेऊन घालत नाहीत, कुणीतरी द्यावा लागतो. तुला कुणी दिला?”

“आईने.”

“आणि तू तो त्या डॅरिलसाठी फोडणार? ऊठ. चल माझ्याबरोबर.”

डॅरिल हजेरी घेत होता.

“डॅरिल, गेल्या साली जॉयसच्या बोटातली अंगठी निघत नव्हती, तेव्हा काय केलंस?”

“निळी पट्टी गुंडाळली. पण आंटी, ती अंगठी होती. ही बांगडी आहे.”

“मग पट्टी जरा जास्त लागेल, एवढंच.”

“आणि तपासणीवाले आले तर?”

“माझ्याकडे पाठव. फळाला हात लावायचं काम देऊ नकोस तिला, खोकी जोडायला दे. सकाळी पट्टी मी बांधीन, संध्याकाळी मी सोडीन. मध्ये सुटली, तर तिच्याबरोबर मीही घरी जाईन. मग लाइन तूच सांभाळ.”

डॅरिलने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. बाहेर किवीने भरलेला पहिला ट्रक येऊन उभा होता.

“फक्त खोकी,” तो म्हणाला. “आणि वरून कोपरापर्यंतचा हातमोजा.”

“बालवाडीत होतास तेव्हापासून बघतेय, असाच आहेस. आधी नाही म्हणायचास, मग खाऊ घ्यायचास.”

“आंटी, पोरांसमोर नको ना!”

पट्टी निळी असते, कारण किवीत निळं काही पडलं तर ते लगेच दिसतं. हिनेवाईने ती मनगटाभोवती एकावर एक फेरे घेत बांधली. बांधताना ती स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. रुईयिनला शब्द कळले नाहीत, पण ती प्रार्थना आहे एवढं कळलं.

“घट्ट झाली?”

रुईयिनने नाही म्हणून मान हलवली. दोन महिन्यांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं.

पहिली सहा खोकी तिच्या हातात कोलमडली. सातवं उभं राहिलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत बोटांना पुठ्ठ्याच्या घड्या पाठ झाल्या होत्या आणि पाय दुखून आले होते, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की ते दुखणंही आवडत होतं. साडेबाराला ती बाहेर पायरीवर आली. शेजारी हिनेवाई घरचा पाव लोण्याबरोबर खात बसली होती. अर्धा तिने न विचारता रुईयिनच्या हातात दिला. रुईयिनने आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. आई गिरणीच्या गेटवर, आत जायच्या तयारीत होती.

“झालं?” आईने आधी तेच विचारलं. “तुकडे कुठे ठेवलेस? हाताला लागलं तर नाही?”

रुईयिनने हातमोजा काढला आणि मनगट वर धरलं. निळ्या पट्टीखाली बांगडीचा गोल उंचवटा दिसत होता. आईला काही उमगेना. मग रुईयिनने सगळं सांगितलं. पायरी, हातोडी, ही बाई, डॅरिल, ‘तिच्याबरोबर मीही घरी जाईन’. आई ऐकत राहिली. तिच्यामागून बायका गेटातून आत जात होत्या.

“कुठे आहे ती बाई?”

रुईयिनने फोन वळवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भाषा नाही, ओळख नाही. हिनेवाईने गळ्यातला दगड बाहेर काढून पडद्यापुढे धरला. आईने तो पाहिला, कमरेत वाकून तिला नमस्कार केला, आणि मग भरभर काहीतरी बोलली.

“काय म्हणतेय?” हिनेवाईने विचारलं.

रुईयिनला दोनदा सुरुवात करावी लागली.

“ती म्हणतेय... माझ्या वेळेला या गेटवर कुणी नव्हतं.”

हिनेवाईने हातातला पाव खाली ठेवला. तिकडे गिरणीचा भोंगा झाला, तरी आई गेटवरून हलली नाही.