वरच्या वाटेचे नमुने

टेबलावर चौदा डब्या होत्या. चौदाही घट्ट बंद, एकही गळलेली नाही. नदीच्या वाटेवरून पाच, खालच्या वाटेवरून पाच, वरच्या वाटेवरून चार. प्रत्येकीसोबत एक अर्ज. वरच्या वाटेचे चार अर्ज सर्वांत स्वच्छ होते. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

राजधानी मासेरूतल्या आमच्या प्रयोगशाळेत बेडक्यातले क्षयाचे जंतू नळीत वाढवतात आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहतात. आधी दुसरेच जंतू माजले, की नळी नासते. शंभरात चार-पाच नासणं चालून जातं. मे ते जुलै या तीन महिन्यांत दुसऱ्या दोन वाटांच्या एकशे अठरा नळ्यांपैकी पाच नासल्या होत्या. वरच्या वाटेच्या एक्केचाळीसपैकी सतरा.

त्या सतरांपैकी दोन एकाच बाईच्या. म्मे मात्सेपिसो ('म्मे' म्हणजे आई), वय बावन्न. झटपट तपासणीच्या यंत्राने सांगितलं होतं की मुख्य औषध तिला लागू पडत नाही. उरलेल्यांपैकी कोणतं पडेल, ते जंतू वाढवल्याशिवाय कळणार नव्हतं. वरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात तिसरा नमुना पाठवतो. वजन एक्केचाळीस किलोवर आलंय. हाही नासला, तर मला अंदाजाने औषधं द्यावी लागतील."

"वरचे नमुने आणणारा तो घोडेस्वार वाटेत दारू पीत बसत असेल," आमचे प्रमुख म्हणाले.

अर्जांवरच्या वेळा तसं सांगत नव्हत्या. डोंगरातून डांबरी रस्त्यापर्यंत दीड दिवस, दर वेळी दीडच. पण एका डबीच्या चिकटपट्टीत मला तपकिरी लोकरीचा धागा सापडला. मी नाण्याएवढं तापमान नोंदवणारं यंत्र वर पाठवलं आणि नर्सला ते डब्यांच्या फडक्यात बांधायला सांगितलं. परत आल्यावर त्यातला आलेख कागदावर काढला. छत्तीस तास, एकतीस ते चौतीस अंश, जवळजवळ सरळ रेघ.

आमच्या दक्षिण गोलार्धात ऑगस्ट म्हणजे हिवाळा; तिथे डोंगरात बादलीतलं पाणी दगड होतं. इतकी सरळ रेघ फक्त जिवंत प्राणी काढतो. मी वर गेले.

दवाखान्याच्या मागे उन्हात म्मे मात्सेपिसो हातात डबी धरून बसली होती.

"माझा बेडका दोनदा नासवला ती तूच का गं?" ती म्हणाली. "चुलीवर ठेवता की काय?"

"तेच बघायला आलेय, म्मे."

"बघ लवकर. माझ्याकडे फार उरला नाहीये."

ती बराच वेळ खोकली. मग झाकण लावून डबी पुढे केली. न्तात्ते खेथिसा ('न्तात्ते' म्हणजे बाबा) हा घोडेस्वार साठीचा, बुटका, पायघोळ तपकिरी घोंगडी पांघरलेला. त्याने डबी दोन्ही हातांनी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि घोंगडीच्या आत छातीशी सरकवली. अर्ज मात्र खोगिराला बांधलेल्या थंड पेटीत ठेवला.

"न्तात्ते, डबी पेटीत नाही ठेवत?"

"पेटीत कागद. भिजले की तुम्ही शहरातले लोक ओरडता."

"आणि बर्फाच्या थैल्या?"

तो घोड्याकडे वळला. "ऐकलंस, लेफिका? पोरगी बर्फातून बर्फ न्यायला सांगतेय. फार शाळा शिकलं की असं होतं."

म्मे मात्सेपिसो हसली आणि पुन्हा खोकली.

"बर्फात कोकरू जन्मलं तर कुठे ठेवतात?" त्याने छातीवर थाप मारली. "इथे. माझं एकही गारठून मेलेलं नाही."

मी आलेख दाखवला. त्याने रेघेवरून बोट फिरवलं.

"हा कोण?"

"तुम्ही. तुमच्या अंगाची ऊब."

"ताप तर नाही ना मला?"

"नाही. पण क्षयाचा जंतू एकाचे दोन व्हायला जवळजवळ एक दिवस घेतो. बाकीच्यांना अर्धा तास पुरतो. उबेत तेच आधी माजतात."

त्याने रेघेवरून बोट उचललं. "म्हणजे कोकराबरोबर कोल्ह्याची पिल्लंही उबवली मी."

मग त्याने टोपीच्या अस्तरातून एक चिठ्ठी काढली. तीन वर्षांपूर्वीची, आमच्याच प्रयोगशाळेची. 'सात नमुने गोठलेले. नाकारले. पुन्हा असे आणू नयेत.' खाली आमच्या प्रमुखांची सही. मग कसे आणावेत, याबद्दल एक ओळही नव्हती.

"सात माणसं," न्तात्ते खेथिसा म्हणाला. "पुन्हा खोकायला कोणी आलंच नाही."

मी चिठ्ठी दोनदा वाचली. दोष शोधायला मी चुकीच्या टोकाला आले होते. पण सही कुणाचीही असो, प्रश्न तसाच होता: डबी गोठू द्यायची नाही आणि उबवायचीही नाही. नुसत्या पेटीत डबी रात्री उणे आठात किती तास न गोठता राहील, याचं गणित मी मांडू लागले.

"दूध कुठे ठेवतो आम्ही?" तो म्हणाला. "झऱ्यात. झरा गोठत नाही."

माझी पेन्सिल थांबली. पाणी गोठताना बरीच उष्णता सोडतं, त्यामुळे त्याच्या मधे ठेवलेली वस्तू लवकर गोठत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हा माणूस तेच लहानपणापासून करत होता. झऱ्याच्या पाण्याने दोन मोठ्या बाटल्या भरल्या, डबी त्यांच्या मधे बसवली, जवळ माझं यंत्र ठेवलं. पेटीभोवती त्याने जुनी घोंगडी बांधली.

"आणि कागद?"

"कागद छातीशी. ते तर नासत नाहीत ना उबेने?"

"नाही."

"पडलात तर," म्मे मात्सेपिसो म्हणाली, "आधी घोडा उठवू नका. डबी उचला."

"लेफिकासमोर असं बोलू नये, म्मे."

मी दुसऱ्या घोड्यावरून त्याच्या मागोमाग निघाले. मुक्कामाला त्याने पेटी चुलीपासून सर्वांत लांबच्या भिंतीशी ठेवली.

यंत्राची नोंद: किमान दोन अंश, कमाल सात. एकोणिसाव्या दिवशी म्मे मात्सेपिसोच्या नळीत वाढ दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली फक्त क्षयाचे जंतू. तेहेतिसाव्या दिवशी, तपासलेल्या चार औषधांपैकी तीन लागू, एक नाही.